टंकयंत्राचा समास

डावीकडे दीड इंच समास, उरलेल्या तीन बाजूंना एक इंच, ओळींमध्ये दुप्पट अंतर. पीएच.डी.चा प्रबंध सादर करणाऱ्याला अनेक विद्यापीठांत आजही याच मापांशी गाठ पडते. संगणकावर उत्तम अक्षरजुळणी करणारा विद्यार्थीसुद्धा शेवटच्या महिन्यात याच मापांपायी हैराण होतो. ही मापे वाचनाच्या सोयीतून आली, असे आपण धरून चालतो. माझ्या मते ती टंकयंत्राची आणि बाइंडरची मापे आहेत. अमेरिकी कागद साडेआठ इंच रुंद. समासाचे अडीच इंच वजा केले की सहा इंचांची ओळ उरते. पायका टाइपरायटर एका इंचात बरोबर दहा अक्षरे उमटवतो, म्हणजे मोकळ्या जागा धरून ओळीत साठ अक्षरे. उभ्या दिशेने इंचाला सहा ओळी, दुप्पट अंतर ठेवले तर तीन. डावीकडचा जास्तीचा अर्धा इंच शिवणीत जाणार म्हणून ठेवलेला. तिरपे अक्षर यंत्रात नव्हते, म्हणून ग्रंथनाम अधोरेखित करायचे. यातला प्रत्येक नियम त्या काळी सकारण होता. शिकागो विद्यापीठात 1930 ते 1958 या काळात प्रबंध-सचिव असलेल्या केट ट्युरेबियन यांनी 1937 मध्ये अशा नियमांची पुस्तिका केली, ती टंकलिखित प्रबंध डोळ्यांसमोर ठेवूनच. कार्बन लावून प्रती काढणाऱ्या टंकलेखकाला एक चूक सगळ्या प्रतींवर खोडावी लागे, तळटीप मावेल की नाही हे पान भरण्याआधीच ओळी मोजून ठरवावे लागे. त्याला पक्के माप देणे ही मदतच होती.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांची प्रेरणा अगदी वेगळी होती. 1977 मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे हाती आल्यावर फोटोटाइपसेटिंगने केलेली जुळणी पाहून ते खट्टू झाले. आधीची आवृत्ती शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेली होती. तो दर्जा परत मिळवण्यासाठी त्यांनी 'टेक' ही अक्षरजुळणीची संगणकप्रणाली लिहायला घेतली. म्हणजे टेकचा पूर्वज जुळारी आहे, टंकलेखक नव्हे. ही प्रणाली ओळ एकेकटी तोडत नाही, अख्खा परिच्छेद विचारात घेऊन कुठे तोडायचे ते ठरवते. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर 'लेटेक' उभारले. त्यात दहा पॉइंटच्या मजकुराची ओळ मुळात सुमारे पावणेपाच इंचांचीच असते. नवख्याला तो समास उधळपट्टी वाटतो. पण छापील अक्षरे टंकयंत्राच्या अक्षरांसारखी एकाच रुंदीची नसतात, ती दाटीने बसतात, आणि साठ-सत्तर अक्षरांपुढे ओळ लांबली की पुढच्या ओळीचा आरंभ शोधताना नजर चुकते. आता याच प्रणालीवर विद्यापीठाचा सहा इंची नियम लादा. बारा पॉइंटच्या टाइम्समध्ये ओळ ऐंशी अक्षरांच्या घरात जाते. मग दुप्पट अंतर खरोखरच लागते. एका नियमाने केलेली इजा दुसरा नियम भरून काढतो. 'सेटस्पेस' हे जोडपॅकेज मजकूर विरळ करते, पण तळटीपा दाटच ठेवते. टंकलेखकाची रीत अशी थेट आज्ञावलीत उतरली आहे.

परीक्षकाला ओळींमध्ये शेरे लिहायला जागा हवी, बांधणीला समास हवा, आणि सर्वांना एक माप असले की पक्षपात होत नाही, असे यावर म्हटले जाईल. तिन्ही मुद्दे खरे आहेत. पण शेऱ्यांची जागा तपासणीच्या प्रतीला हवी, ग्रंथालयात कायम राहणाऱ्या प्रतीला नाही. बांधणीचा समास बांधल्या जाणाऱ्या प्रतीपुरता ठेवावा. समान मापाची अट मात्र मी मान्य करतो. फक्त ते माप छापील अक्षराला धरून असावे.

मराठी प्रबंधात हा प्रश्न अधिक खोल जातो. देवनागरीत ओळीच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, म्हणून तिला मुळातच रोमनपेक्षा जास्त अंतर लागते. तेव्हा 'दुप्पट' म्हणजे कशाच्या दुप्पट, याचे उत्तर रोमन मापात सापडत नाही. अंतराहून गंभीर गोष्ट फॉन्टची. युनिकोड रुळण्याआधीच्या मराठी फॉन्टांत रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर देवनागरी आकार बसवलेले असत, आणि टंकयंत्राचा कळफलकही त्यांच्यासोबत चालत आला. कागदावर अक्षर निर्दोष उमटे, आत मात्र भलतीच चिन्हे साठत. कागदच अंतिम होता तोवर याने बिघडले नाही. 2009 च्या नियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सक्तीची केली, इन्फ्लिबनेटचे शोधगंगा भांडार उभे राहिले, आणि हा दोष उघड्यावर आला. अशा प्रबंधात 'तुकाराम' शोधला तर सापडत नाही, मग तो पानोपानी का असेना. वर्षानुवर्षांची मेहनत पुढच्या अभ्यासकाच्या शोधाला दिसतच नाही, हे नुकसान समास चुकल्याहून कितीतरी मोठे आहे. फॉन्टचे नाव आणि आकार सांगून थांबणारा नियम ते टाळू शकत नाही. साधने तर केव्हाच आली: फ्रान्स वेलथॉइस यांनी 1991 मध्ये टेकसाठी देवनागरी आणली, पण तिच्यात मजकूर रोमन लिप्यंतरात लिहावा लागे, 2004 मध्ये जोनाथन क्यू यांच्या 'झीटेक'ने थेट युनिकोड वाचायला सुरुवात केली. विद्यापीठांनी पीडीएफसोबत मूळ युनिकोड मजकूरही मागावा. झीटेक वापरणाऱ्याकडे तो साध्या मजकूर-फाइलीच्या रूपात आधीच तयार असतो.