जुनी ‘हॉट हॅचबॅक’ घेताय? इसार देण्यापूर्वी हे तपासा

यवतमाळ : कापसाचे चुकारे हाती पडले, की जिल्ह्यातील वाहनबाजारात हालचाल सुरू होते. नव्या गाडीचे हप्ते परवडत नाहीत आणि साधी गाडी मनाला पटत नाही, अशा तरुणांना या दिवसांत खुणावते ती जुनी ‘हॉट हॅचबॅक’. दिसायला ती चारचौघींसारखीच छोटी मोटार असते. इंजिन मात्र तिच्या आकाराच्या मानाने बरेच दांडगे. जर्मनीत १९७६ साली विक्रीस आलेल्या ११० अश्वशक्तीच्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने हा प्रकार जगभर रूढ केला. भारतात तो उशिराने आणि तुरळकच आला. त्यामुळे बाजारात आज जे मिळते ते बहुतांशी जुने, अनेक हातांतून गेलेले आणि कित्येकदा उत्पादनही बंद झालेले असते.

अशा गाडीची किंमत विक्रेता सांगतो, पण तिचा खरा खर्च ठरतो तो आधीच्या मालकाने ती कशी पळविली यावर. तिथेच फसगत होते.

प्रथम गाड्यांची ओळख. चाकणला तयार झालेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली. तिचे १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन १०५ अश्वशक्तीचे आणि गिअर स्वयंचलित, सात टप्प्यांचे. पोलोचे भारतातील उत्पादन २०२२ मध्ये थांबले. रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ मध्ये आलेली फियाटची अबार्थ पुंटो १४५ अश्वशक्तीची. वेगाची हौस असलेल्यांत आजही तिचेच नाव आधी निघते. मारुतीची बलेनो आरएस (२०१७) १०२ अश्वशक्तीची, तर टाटा टियागो जेटीपी (२०१८) ११४ अश्वशक्तीची. ह्युंदाई आय २० एन लाइन २०२१ ची, म्हणून तुलनेने नवी आणि सुट्या भागांच्या दृष्टीने सर्वांत कमी डोकेदुखीची.

सुट्या भागांचा प्रश्न येथे मुद्दाम आधी घ्यावा लागतो. अबार्थ पुंटोचे इंजिन कितीही उत्तम असले, तरी फियाटने भारतातील मोटारविक्री थांबविल्याला काही वर्षे लोटली आहेत. एखादा सेन्सर वा टर्बोचा भाग गेला, तर गाडी आठवडेच्या आठवडे गॅरेजमध्ये उभी राहू शकते. यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. उमरखेड किंवा पुसदच्या ग्राहकाला हे अंतर आणखी वाढते. बंद पडलेली गाडी टोचन करून तिथवर नेण्याचा खर्चही हिशेबात धरावा.

इंजिन थंड असतानाच पाहा

गाडी पाहायला जाताना विक्रेत्याला ती आधी सुरू करू नये, असे बजावून ठेवावे. बॉनेटला हात लावून इंजिन खरेच थंड आहे ना, याची खात्री करावी. टायमिंग चेन असलेल्या इंजिनात चेन सैल झाली असेल, तर पहिल्या काही सेकंदांतच खडखडाट ऐकू येतो. गरम इंजिनात तो लपून जातो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत असल्याची खूण. ती टर्बोची असू शकते किंवा त्याहून महागड्या दुखण्याची. टर्बोच्या नळ्यांवर ऑइलचा ओशटपणा, वेग वाढविताना येणारी तीव्र शिट्टी आणि चढावर अचानक कमी पडणारी ताकद, या तिन्ही गोष्टींकडे लक्ष द्यावे. विदर्भातील मे महिन्याचे ऊन लक्षात घेता पंखा, रेडिएटर आणि कूलंटची तपासणी वाऱ्यावर सोडू नये. वातानुकूलन यंत्रणा सुरू ठेवून गाडी दहा-पंधरा मिनिटे जागेवर उभी करावी व तापमानाचा काटा पाहावा.

पोलोच्या सात टप्प्यांच्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये कोरडे दुहेरी क्लच असतात. गर्दीतून सावकाश सरकताना गाडी थरथरली, पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना धक्का बसला वा पडद्यावर गिअरचे चिन्ह लुकलुकू लागले, तर व्यवहार तिथेच थांबविलेला बरा. त्यातील नियंत्रक भाग बदलण्याचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो.

यापेक्षाही अवघड बाब म्हणजे डोळ्यांना न दिसणारा बदल. इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून ताकद वाढविण्याच्या प्रकाराला ‘रिमॅप’ म्हणतात. अशी गाडी चालवून पाहताना ग्राहक हमखास भाळतो. पण वाढलेल्या ताकदीचा ताण क्लच, टर्बो आणि गिअरबॉक्स सोसत असतात. विकण्यापूर्वी आज्ञावली मूळ स्वरूपात आणूनही ठेवली जाते. म्हणून अधिकृत केंद्रात वा जाणकार मेकॅनिककडे स्कॅनर लावून पाहणे आवश्यक ठरते. किलोमीटरचा आकडा मागे फिरविला असल्यास तोही काही वेळा याच तपासणीत उघडा पडतो, कारण गाडीतील इतर संगणकांत वेगळी नोंद राहिलेली असते. बदललेला सायलेन्सर आणि मोठी चाके तर उघडच दिसतात.

कायदाही येथे आड येतो. कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात स्पष्ट केले. असा बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. अपघातानंतर विमा कंपनी हाच मुद्दा पुढे करू शकते, ते वेगळेच.

बलेनो आरएस घेणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. २७ ऑक्टोबर २०१६ ते १ नोव्हेंबर २०१९ या काळात तयार झालेल्या ७,२१३ बलेनो आरएस कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये परत तपासणीस बोलावल्या होत्या. ब्रेकला साहाय्य करणाऱ्या व्हॅक्यूम पंपात दोष असण्याची शक्यता होती. चासी क्रमांक देऊन हे काम झाले की नाही, ते अधिकृत केंद्रात विचारता येते.

पूर, धूळ आणि पेट्रोल

जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत महागाव तालुक्यातील आनंदनगर पाण्याने वेढले गेले होते. अशा पुरातून निघालेली गाडी धुऊनपुसून दूरच्या गावी विकली जाते. स्टेपनीच्या खड्ड्यातील गाळ, पूर्ण बाहेर ओढलेल्या सीटबेल्टवरील डाग, सीटखालच्या वायरींच्या जोडावरील गंज आणि कुबट वास या खुणा सहसा पुसल्या जात नाहीत. वणी परिसरातील कोळशाच्या धुळीत फिरलेल्या गाडीचा एअर फिल्टर काढून पाहावा. टायरवरील चार अंकी संख्येतून त्याचे वय कळते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. शिवाय यातील बहुतेक गाड्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा विचार करून घडविलेल्या नाहीत. इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील त्यासाठी तपासून घ्यावेत.

कागदपत्रांत ‘एमएच २९’ दिसले, की ग्राहक निर्धास्त होतो. मात्र पांढरकवडामार्गे आदिलाबाद जवळ असल्याने तेलंगणातील, तसेच दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्याही गाड्या स्वस्तात दाखविल्या जातात. परराज्यातील गाडीला नमुना २८ मधील ना-हरकत, महाराष्ट्रातील कर आणि नवी नोंदणी हा सारा खर्च धरला, तर ती फारशी स्वस्त राहत नाही. कर्जाची नोंद असल्यास बँकेचे पत्र व नमुना ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. थकीत ई-चलान ऑनलाइन पाहता येतात.

हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने १४ दिवसांत, तर घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवायचे असते. कोऱ्या नमुन्यावर सही करून गाडी देण्याची सवय विक्रेत्यालाच भोवते. नोंदीवर ज्याचे नाव तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये म्हटले आहे. विमा १४ दिवसांत आपल्या नावे करण्यासाठी अर्ज करावा. आधीच्या मालकाची ‘नो क्लेम’ सवलत त्याच्याकडेच राहते, हे गृहीत धरून हप्ता मोजावा. गाडी ताब्यात घेताना दोन्ही चाव्या मागाव्यात. एकच मिळाली, तर दुसरीची किंमत सौद्यातून वजा करून घ्यावी.