साडेतेराशे डॉलरचं चर्च

बॉस्टनला पाहुणे आले की त्यांना शहर दाखवायची एक सोपी युक्ती आहे. शहराच्या मधोमध 'बॉस्टन कॉमन' नावाचं मोठं मैदान आहे. तिथून फुटपाथवर एक लाल रेघ सुरू होते, कुठे विटांची तर कुठे नुसत्या रंगाची. ही रेघ पकडायची आणि चालत सुटायचं. अडीच मैलांत अमेरिकन क्रांतीतली सोळा ठिकाणं बघून होतात. नकाशा नको, गाईड नको. १९५१ साली आखलेल्या या वाटेचं नाव 'फ्रीडम ट्रेल'.

भारतातून आलेली मंडळी या वाटेवर थोडी गोंधळतात. स्वातंत्र्याचा इतिहास म्हणजे किल्ले, तोफा, तलवारी अशी आपली समजूत. इथे एक युद्धनौका आणि टेकडीवरचा एक स्मारकस्तंभ आहे, पण बाकी वाटेवर दफनभूमी, सभागृहं आणि चक्क चार चर्चेस! "अरे, क्रांती दाखवतो म्हणालास आणि हे काय देवदर्शन करवतोयस?" असा प्रश्न मला बऱ्याचदा आला आहे. त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर म्हणजे आजचा हा लेख.

चर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वसई-गोव्याची चर्चेस येतात. सोनेरी वेदी, मूर्ती, मेणबत्त्या. बॉस्टनची जुनी प्रार्थनाघरं यातल्या कशातच बसत नाहीत. १६३० साली हे गाव वसवलं ते प्युरिटन पंथाच्या इंग्रजांनी. ही मंडळी भलतीच कडक. मूर्ती नको, क्रॉस नको, थाटमाट नको. नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड, असा कायदाच त्यांनी १६५९ साली केला होता आणि तो बावीस वर्षं टिकला! त्यांच्या लेखी 'चर्च' म्हणजे श्रद्धावंत माणसांचा समुदाय. विटा-लाकडांच्या इमारतीला ते चर्च म्हणतच नसत, 'मीटिंग हाऊस' म्हणत. रविवारी तिथे प्रवचन व्हायचं आणि इतर दिवशी गरज पडली तर गावची सभा. आपल्याकडे गावची बैठक देवळाच्या पारावर भरते, तसंच काहीसं. हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं महाभारत त्याच्यावरूनच घडलं.

इंग्लंडच्या राजाला अर्थातच हे पसंत नव्हतं. १६८६ साली त्याने पाठवलेला गव्हर्नर अँड्रॉस याला बॉस्टनमध्ये राजाच्या पंथाचं, म्हणजे अँग्लिकन चर्च हवं होतं. गावातलं कोणी जागा विकायला तयार होईना. शेवटी त्याने गावच्या दफनभूमीचाच एक तुकडा घेतला आणि तिथे 'किंग्ज चॅपल' उभं राहिलं. पहिली इमारत लाकडी होती. ती अपुरी पडू लागल्यावर १७४९ साली दगडी इमारतीचं काम काढलं, तेही कसं, तर जुन्या लाकडी चर्चच्या भोवतीने! आत प्रार्थना चालू आणि बाहेर भिंती चढताहेत. १७५४ साली नवं चर्च पूर्ण झाल्यावर जुन्याचे तुकडे करून ते खिडक्यांतून बाहेर काढलं. पेशाने इंजिनियर असल्यामुळे मला या युक्तीचं फार कौतुक वाटतं. मनोऱ्यावरचा उंच कळस मात्र पैशांअभावी राहिला तो राहिलाच. आजही ते चर्च बसक्या टोपीसारखं दिसतं.

किंग्ज चॅपलपासून पाच मिनिटांवर आपल्या कथेची नायिका आहे, 'ओल्ड साऊथ मीटिंग हाऊस'. १७२९ साली बांधलेली, साध्या विटांची, उंच निमुळत्या मनोऱ्याची इमारत. वसाहतीच्या काळात बॉस्टनमधली ही सर्वांत मोठी इमारत होती. त्यामुळे गावच्या नेहमीच्या सभागृहात माणसं मावेनाशी झाली की सगळा जथा इकडे यायचा.

१६ डिसेंबर १७७३ ला असाच जथा आला. प्रश्न चहाचा होता. ईस्ट इंडिया कंपनीचा चहा घेऊन आलेली जहाजं बंदरात उभी होती. (चहा चीनचा होता बरं का, आसामचे मळे अजून जन्मायचे होते.) त्यावरचा कर लोकांना मान्य नव्हता, कारण तो लादणाऱ्या पार्लमेंटमध्ये त्यांचा एकही प्रतिनिधी नव्हता. माल न उतरवता जहाजं परत पाठवा, अशी त्यांची मागणी होती, आणि गव्हर्नर परवानगी देत नव्हता. त्या दिवशी ओल्ड साऊथमध्ये आणि बाहेर मिळून सुमारे ५००० लोक होते. गावाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम सोळा हजार, म्हणजे जवळजवळ दर तिसरा माणूस! एका जहाजाचा मालक गव्हर्नरकडे शेवटची विनंती करायला गेला होता. अंधार पडल्यावर तो नकार घेऊन परतला. सभा फुटली, लोक धक्क्यावर गेले आणि चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात गेल्या. तीच ती प्रसिद्ध 'बॉस्टन टी पार्टी'. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला होता. त्यानंतरच्या भाऊबंदकीत हीच कंपनी आपल्याकडे हळूच आत शिरत होती आणि इकडे तिच्या पेट्या पाण्यात पडत होत्या. इतिहासाची अशी दोन पानं शेजारी ठेवून वाचली की मजा वाटते, आणि थोडं वाईटही.

इंग्रजांनी या इमारतीवर सूड उगवला. १७७५ साली शहर त्यांच्या ताब्यात असताना त्यांनी आतली बाकं आणि व्यासपीठ तोडून जाळली, जमिनीवर माती पसरली आणि तिथे घोडदळाची रपेट सुरू केली! इंग्रज गेल्यावर डागडुजी होऊन प्रार्थना पुन्हा सुरू व्हायला १७८३ साल उजाडलं.

इथवरची गोष्ट फ्रीडम ट्रेलवरचा कुठलाही गाईड सांगतो. मला खरा रस आहे तो पुढच्या शंभर वर्षांत.

१८७२ च्या नोव्हेंबरमध्ये बॉस्टनला भयंकर आग लागली. त्या वेळी घोड्यांमध्ये इन्फ्लुएंझाची साथ होती, त्यामुळे आगीचे बंब माणसांनी ओढत नेले. ६५ एकरांतल्या ७७६ इमारती खाक झाल्या. ओल्ड साऊथ मात्र थोडक्यात वाचली. पण तोवर तिच्या आसपासची वस्ती उठून गेली होती आणि सगळीकडे दुकानं, कचेऱ्या झाल्या होत्या. भक्तमंडळी 'बॅक बे' या नव्या, उच्चभ्रू भागात राहायला गेली होती. त्यांनी तिकडेच एक देखणं चर्च बांधलं आणि १८७५ साली तिथे बस्तान हलवलं. जुनी इमारत काही काळ पोस्ट ऑफिसला भाड्याने दिली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८७६ साली, ती लिलावात काढली. जागा नव्हे, फक्त विटा, लाकूड आणि लोखंड. किंमत आली १३५० डॉलर. भंगाराच्या भावात म्हणतात ते हेच. आणि साल बघा, अमेरिकन स्वातंत्र्याची शताब्दी!

आता पटकन या मंडळींना कृतघ्न म्हणून मोकळं होता येईल. पण मघाचा शब्द आठवा. चर्च म्हणजे माणसं, इमारत नव्हे. माणसं नव्या जागी गेली, तर चर्चही गेलं. मागे उरल्या त्या विटा, आणि विटांना पवित्र मानणं हे तर त्यांच्या पंथाच्या विरुद्ध! त्यांच्या तत्त्वाने ते बरोबरच होते. चूक एवढीच, की शंभर वर्षांपूर्वी त्या विटांमध्ये फक्त त्यांचेच पूर्वज नव्हते, सगळं गाव होतं.

पाडकाम सुरूही झालं. तेव्हा एका कापड व्यापाऱ्याने सात दिवसांची मुदत विकत घेतली. १४ जून १८७६ ला त्याच इमारतीत सभा भरली. वेंडेल फिलिप्स या नामांकित वक्त्याने भाषण केलं. शहरातल्या वीस स्त्रियांनी मिळून इमारत विकत घेतली. खरा डोंगर पुढे होता, कारण खालच्या जमिनीची किंमत होती ४ लाख डॉलर! जत्रा भरवल्या, व्याख्यानं केली, देणग्या मागितल्या. मेरी हेमेनवे या बाईंनी एकटीने १ लाख दिले. ज्या काळात अमेरिकेत बायकांना मतदानाचा अधिकार नव्हता, त्या काळात हे घडलं. अमेरिकेत एखादी मोठी सार्वजनिक इमारत केवळ तिच्या इतिहासासाठी लोकांनी वाचवली, याचं हे पहिलं ठळक उदाहरण मानतात. त्याआधी १८६३ साली जॉन हॅन्कॉकचा, म्हणजे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर पहिली सही करणाऱ्याचा, वाडा बॉस्टनने निमूटपणे पाडू दिला होता. ती हळहळ लोकांच्या मनात असणारच.

बॅक बेच्या नव्या चर्चचं काय झालं? हा भाग म्हणजे खाडीत भर घालून केलेली जमीन. १८५८ पासून आगगाडीने खडी आणून ती भरली. इथल्या जुन्या इमारती लाकडी खांब ठोकून त्यांवर उभ्या केल्या आहेत. शेजारच्या ट्रिनिटी चर्चखाली असे साडेचार हजार खांब आहेत. लाकूड भूजलात बुडालेलं असेल तोवर शतकानुशतकं टिकतं, पाणी खाली गेलं आणि हवा लागली की कुजतं. नव्या ओल्ड साऊथ चर्चचा मनोरा तर भुसभुशीत जमिनीमुळे जवळजवळ तीन फूट कलला आणि १९३१ साली उतरवून ठेवावा लागला. पुन्हा उभा राहिला तो १९४० मध्ये. आणि ज्या इमारतीची किंमत साडेतेराशे झाली होती, ती १७२९ ची इमारत आपल्या जागी तशीच! असो. यात कोणाला पापपुण्य दिसेल, मला तरी फक्त पाया दिसतो.

पण मंडळी, लाल रेघेवरून आपण थोडं बाजूला वळू. बीकन हिलच्या उत्तर उतारावर एका अरुंद बोळात विटांची आणखी एक इमारत आहे, 'आफ्रिकन मीटिंग हाऊस'. गोऱ्यांच्या चर्चमध्ये काळ्या लोकांना वरच्या सज्जात बसावं लागे, म्हणून स्वतंत्र काळ्या नागरिकांनी १८०६ साली स्वतःच्या पैशाने आणि बरंचसं स्वतःच्या हातांनी हे मीटिंग हाऊस बांधलं. इथे त्यांच्या मुलांची शाळा भरली. ६ जानेवारी १८३२ ला विल्यम लॉइड गॅरिसन याने इथेच गुलामगिरीविरोधी संघटना स्थापन केली. १८६३ साली काळ्या सैनिकांच्या ५४ व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटची भरतीही इथे झाली. टी पार्टीच्या सभेइतकंच मोठं काम या चार भिंतींत झालं.

ही इमारत वाचवायला मात्र कोणी चार लाख डॉलर गोळा केले नाहीत. काळी वस्ती दुसऱ्या भागात सरकली आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इमारत विकली गेली. पुढे ती ज्यू लोकांचं सिनेगॉग झाली. १९७२ साली आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयाने ती विकत घेतली आणि पूर्ण जीर्णोद्धार होऊन ती २०११ साली उघडली. ओल्ड साऊथसाठी भाषण करणारा वेंडेल फिलिप्स स्वतः गॅरिसनचा कट्टर साथीदार होता. तरीही शहराला त्या बोळातली इमारत आठवायला शंभर वर्षं लागली.

या लढ्याशी आपलंही एक नातं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. त्यांनी अहमदनगरला सिंथिया फॅरार या अमेरिकन बाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या होत्या. त्या बाईंना हिंदुस्थानात पाठवणाऱ्या मिशनरी मंडळाची कचेरी बॉस्टनलाच होती. बॉस्टनच्या मीटिंग हाऊसांतून निघालेली एक वाट अशी नगर-पुण्यापर्यंत पोचते.

ओल्ड साऊथ आता संग्रहालय आहे, पण तिथे अजून सभा आणि वाद होतात. ज्यांचा देव तिथून निघून गेला त्यांनी ती इमारत विकली, आणि ज्यांचा तिथे कधीच देव नव्हता अशा कितीतरी लोकांनी ती राखली. कुठली जुनी वास्तू ठेवायची हे तिच्या मालकावर सोडलं तर हिशोब जमिनीच्या भावाने होतो. गावावर सोडलं तर आठवणीने होतो. पण गावातही कोणाची आठवण धरायची हा प्रश्न उरतोच. म्हणून तुम्ही कधी बॉस्टनला आलात तर लाल रेघ जरूर धरा, आणि दोन तास हाताशी ठेवून त्या बोळातही चला. जुन्या चपला घाला, बीकन हिलचा चढ जरा उभा आहे.