कार्ब्युरेटर बुडापेस्टचा

पेट्रोल जळतं ते वाफ होऊन, आणि तेही हवेशी ठरावीक प्रमाणात मिसळलं तरच. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण चालत्या गाडीत राखणं हा जुन्या मोटारकर्त्यांपुढचा मोठाच पेच होता.

कार्ल बेन्झच्या १८८६च्या तीनचाकीत इंजिनाकडे जाणारी हवा इंधनाच्या पृष्ठभागावरून ओढली जाई आणि वाफ घेऊन पुढे जाई. पण इंधनातला हलका अंश आधी उडे, जड तेवढा मागे राही. हवामान बदललं की मिश्रणही बिघडे. १८८८ मध्ये बेर्था बेन्झ मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या, तेव्हा वाटेत विस्लोखच्या औषधाच्या दुकानातून त्यांना लिग्रॉइन हे इंधन घ्यावं लागलं. तुंबलेली इंधननळी त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली.

हंगेरीतल्या दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी वाफेवर विसंबणं सोडून इंधनाचा फवाराच केला. तोंडाने पाणी फवारणाऱ्या फुलवालीला पाहून त्यांना हे सुचलं, अशी आख्यायिका आहे. हवेची वाट मध्येच आवळली की तिथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि बारीक जेटमधून पेट्रोल वर खेचलं जातं. हवा जास्त, तर पेट्रोलही जास्त. पण मला खरी करामत वाटते ती फ्लोटची. शेजारच्या वाटीत पेट्रोल ठरल्या पातळीला आलं की तरंगता फ्लोट सुई वर ढकलतो आणि आत येणारी धार बंद होते. पातळी कायम राहिली तरच जेटचं माप बरोबर येतं. सुईखाली कचरा अडकला की धार थांबत नाही. गॅरेजवाले म्हणतात तो ‘ओव्हरफ्लो’ हाच.

बांकी-चोंका यांचं पेटंट फेब्रुवारी १८९३चं. डाइम्लरच्या विल्हेल्म मायबाखने तशीच रचना फ्रान्समध्ये नोंदवली ती ऑगस्टमध्ये, तरी नाव गाजलं त्याचंच. इंग्लंडच्या एडवर्ड बटलरची खटपट तर दोघांच्याही आधीची. पण बांकी-चोंका आणि मायबाख यांच्यात पहिला मान बुडापेस्टचाच, तारखाच तसं सांगतात.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले आणि नव्या दुचाकींत कार्ब्युरेटरची जागा इंजेक्शनने घेतली. घरात जुनी स्कूटर असेल आणि ती बरेच महिने उभी राहणार असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या. फ्लोटच्या वाटीत पेट्रोल सुकलं की जेट बुजतो.