तारुण्यपीटिका व तेलकट त्वचा : कारणे, काळजी आणि उपचार

वाराणसीचा राजा घाट अमृतराव पेशव्यांच्या नावाशी निगडित असल्याने मराठी यात्रेकरूंना परिचित आहे. याच काशी नगरीशी परंपरेने सुश्रुताचेही नाव जोडले जाते. काशिराज दिवोदास धन्वंतरी हे त्याचे गुरू मानले जातात. तरुणांच्या मुखावर उठणाऱ्या, काटेसावरीच्या काट्यांसारख्या पुटकुळ्यांचे वर्णन सुश्रुतसंहितेत ‘मुखदूषिका’ या नावाने आढळते. विकार प्राचीन असला तरी त्याविषयीचे गैरसमज आजही कायम असून, त्यातून होणारे अपायकारक उपचार ही त्वचारोगतज्ज्ञांची चिंता आहे.

कारणे
वयात येताना अँड्रोजेन या संप्रेरकांच्या प्रभावाने त्वचेतील तैलग्रंथी अधिक प्रमाणात ‘सीबम’ हे तेल स्रवू लागतात. हे तेल आणि मृत पेशी यांमुळे रोमरंध्रे बुजतात, तेथे जिवाणूंची वाढ होते व दाह निर्माण होतो. पुटकुळीच्या तोंडाशी दिसणारा काळा ठिपका म्हणजे मळ नव्हे. हवेच्या संपर्काने काळवंडलेला तो बुजका असतो. त्यामुळे चेहरा वारंवार घासून मुरुम जात नाहीत, उलट दाह वाढतो.

दैनंदिन काळजी
चेहरा दिवसातून दोन वेळा सौम्य साबणाने व साध्या पाण्याने धुणे पुरेसे असते. केसांचे तेल कपाळावर उतरू देऊ नये. त्वचा तेलकट असली तरी हलके, तेलविरहित मॉइश्चरायझर व सनस्क्रीन वापरावे. पुटकुळ्या फोडू नयेत; सावळ्या त्वचेवर त्यांचे काळे डाग अनेक महिने टिकतात.

औषधोपचार
सौम्य मुरुमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड, सॅलिसिलिक आम्ल अथवा अॅडापलीन यांचा वापर केला जातो. परिणाम दिसण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. अनेक रुग्ण त्यापूर्वीच उपचार सोडून देतात. तीव्र विकारात दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन गर्भास घातक असल्याने उपचारकाळात व त्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळणे अनिवार्य आहे. मुरुमांसोबत मासिक पाळी अनियमित असल्यास पीसीओएसची तपासणी करून घ्यावी.

स्टिरॉइड मलमांचा धोका
क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांसारखी स्टिरॉइडे असलेली मलमे गोरेपणासाठी किंवा मुरुमांसाठी परस्पर विकत घेतली जातात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्रीय भारतीय अभ्यासात चेहऱ्याच्या विकारांच्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी मलमे वापरत असल्याचे आढळले. मुरुम उद्भवणे अथवा बळावणे हाच त्यांतील सर्वाधिक आढळलेला दुष्परिणाम होता. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा १४ स्टिरॉइडांचा अनुसूची ‘एच’मध्ये समावेश करून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्यांच्या विक्रीस प्रतिबंध केला.

या मलमांनी प्रारंभी चेहरा उजळल्यासारखा वाटतो. कालांतराने त्वचा पातळ होते, लाली येते व केसांची वाढ होते. मलम थांबवताच जळजळ उसळत असल्याने रुग्ण पुन्हा त्याकडेच वळतो. म्हणून नळीवरील घटकांची नावे वाचावीत आणि असे मलम दीर्घकाळ वापरले असल्यास ते त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली थांबवावे. वेदनायुक्त गाठी येत असल्यास किंवा व्रण पडू लागल्यास तज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये, कारण पडलेले खड्डे पूर्णतः भरून येणे कठीण असते.