नेमोचा देश

ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची समुद्राखालच्या वीस हजार लीगांच्या प्रवासाची कादंबरी कुमारवाचकांच्या हाती देताना, पाणबुड्या अस्तित्वात नव्हत्या तेव्हा त्याने त्या कल्पिल्या, असे कौतुकाने सांगण्याचा प्रघात आहे. परंतु ही समजूत इतिहासाला धरून नाही. रॉबर्ट फुल्टन या अमेरिकी अभियंत्याने कादंबरीतील पाणबुडीच्याच, म्हणजे ‘नॉटिलस’ या नावाची पाणबुडी १८०० मध्ये फ्रान्समध्ये पाण्यात उतरवली होती, दाबलेल्या हवेवर चालणारी ‘प्लाँजर’ ही फ्रेंच नौदलाची पाणबुडी १८६३ मध्ये जलावतरित झाली होती, आणि १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात तिची प्रतिकृती लोकांना पाहायला मिळाली होती. उपलब्ध ज्ञान गोळा करून ते विजेच्या बळावर एक पाऊल पुढे नेणे, ही व्हर्नची खरी रीत होती. (लीग म्हणजे येथे सुमारे चार किलोमीटर, त्यामुळे शीर्षकातील आकडा खोलीचा नसून पाण्याखालून कापलेल्या अंतराचा, म्हणजे पृथ्वीच्या जवळजवळ दोन प्रदक्षिणांचा आहे.)

यंत्रापेक्षा अधिक विचार करायला लावणारा प्रश्न त्या यंत्राच्या मालकाविषयीचा आहे. कॅप्टन नेमो जमिनीवरील जगाशी संबंध तोडतो, सिलोनच्या किनाऱ्यावर मोती काढणाऱ्या एका गरीब भारतीय पाणबुड्याला शार्कच्या तोंडातून वाचवतो, आणि तोच नेमो अखेरीस एक युद्धनौका माणसांसह बुडवतो; मात्र ती नौका कोणत्या देशाची, हे कादंबरी सांगत नाही. हे मौन रहस्य वाढवण्याची केवळ एक लेखकी क्लृप्ती नव्हते. व्हर्नच्या मूळ योजनेत नेमो हा पोलिश सरदार होता आणि रशियन सत्तेविरुद्ध पोलंडमध्ये १८६३ साली झालेला उठाव चिरडला गेला तेव्हा त्याच्या कुटुंबाचा नाश झाला होता. प्रकाशक पिएर-ज्यूल एत्झेल यांना हे मान्य झाले नाही, कारण रशिया दुखावला तर तेथील पुस्तकविक्री धोक्यात आली असती. त्याऐवजी नेमोला गुलामांच्या व्यापाऱ्यांचा शत्रू करावे, ही त्यांची सूचना व्हर्नने नाकारली, आणि अखेर शत्रू निनावीच ठेवण्यावर दोघांचे जमले. फ्रान्समध्ये लुई नेपोलियनने १८५१ मध्ये केलेल्या सत्ताहरणानंतर स्वतः एत्झेल यांना परागंदा व्हावे लागले होते, ही यातली विलक्षण बाब म्हणावी लागेल. शिवाय कादंबरी २० मार्च १८६९ पासून क्रमशः छापली जात होती ती एत्झेल यांच्याच, घरातील सर्वांनी वाचावे अशा बेताच्या, शिक्षण-मनोरंजनपर पाक्षिकात. तेव्हा बालवाचकांच्या निमित्ताने सावधगिरीला एक सोयीचे कारणही मिळाले असावे.

पुढे १८७४-७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रहस्यमय बेटावरील कादंबरीत व्हर्नने नेमोला देश दिला, तो मात्र पोलंड नव्हे. मरणोन्मुख नेमो तेथे राजपुत्र डक्कार म्हणून प्रकट होतो. तो बुंदेलखंडातील एका राजाचा मुलगा, युरोपात शिकलेला, १८५७ च्या उठावात लढलेला आणि त्यात पत्नी व मुले गमावलेला आहे. रशियाच्या जागी ब्रिटन आल्याने फ्रान्समधील प्रकाशकाची अडचण बहुधा दूर झाली असावी. बुंदेलखंड म्हटले की मराठी वाचकाला झाशीच आठवणार, परंतु व्हर्नचा हिंदुस्थान पुस्तकी आणि बराचसा ढोबळ आहे: डक्कारला त्याने टिपू सुलतानाचा भाचा ठरवले, मात्र म्हैसूर आणि बुंदेलखंड यांचे हे नाते कसे जुळले हे सांगण्याच्या फंदात तो पडला नाही. दोन्ही कादंबऱ्यांतील सनावळीही एकमेकींशी जुळत नाही, आणि एखाद्या चौकस मुलाने कागद-पेन्सिल घेऊन ती ताडून पाहिली, तर लेखकाने नेमोचा भूतकाळ नंतर बेतला हे त्याला सहज उमगेल. त्याच मुलापुढे मग बुडालेल्या नौकेचा प्रसंग पुन्हा ठेवता येतो: तिचा ध्वज रशियाचा मानला, ब्रिटनचा मानला किंवा कोणाचाच मानला नाही, तर नेमोविषयीचे त्याचे मत बदलते काय, आणि खलाशांचा अपराध कमी-अधिक होतो काय?