दंडिताची वंशावळ

वसाहतकाळात आयर्लंड सोडून गेलेल्या पूर्वजाचा मूळ ठाव शोधू पाहणाऱ्याची गाठ प्रथम १९२२ सालाशी पडते. त्या वर्षी ३० जूनला, यादवी युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात, डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्‌स’मधील सरकारी दफ्तरखाना स्फोट होऊन भस्मसात झाला, आणि १८२१ ते १८५१ पर्यंतच्या चार खानेसुमाऱ्यांची पत्रके, काही फुटकळ अवशेष सोडता, त्यात गेली, पुढच्या चारांची विल्हेवाट तर सरकारनेच आधी लावली होती.

जे उरले ते बहुतांशी वसुलीच्या कृपेने. प्रस्थापित प्रॉटेस्टंट चर्चच्या दशमांशासाठी १८२३ ते १८३७ दरम्यान झालेल्या आकारणीच्या वह्या आणि रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ मध्ये झालेली जमीनघरांची मोजदाद, यांत खातेदार, क्षेत्र व आकार सापडतो. बायकामुले मात्र सापडत नाहीत. त्यांच्यासाठी कॅथलिक पाद्र्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या चाळाव्या लागतात. त्या सरकारजमा न होता ज्या त्या चर्चमध्येच पडून होत्या, म्हणून त्या आगीतून वाचल्या. त्यांत बालकाबरोबर आईबाप आणि धर्ममातापिते यांचीही नावे आढळतात, पण पुष्कळदा लॅटिन वेषात, म्हणजे घरचा जॉन तेथे ‘जोआनेस’ होऊन बसलेला असतो.

तथापि वही उघडायची ती कोणत्या गावची? दुष्काळात अमेरिकेस गेलेल्या लक्षावधी लोकांच्या जहाजी याद्यांत मूळ ठिकाण म्हणून बहुधा ‘आयर्लंड’ एवढेच लिहिलेले असते, आणि केली, मर्फी यांसारखी आडनावे तर जिल्ह्याजिल्ह्यांत शेकड्यांनी आढळतात. येथे दंडिताचे वंशज भाग्यवान ठरतात. ऑस्ट्रेलियातील प्रख्यात दरोडेखोर नेड केली याचा बाप जॉन हा टिपरेरी परगण्यातला. दोन डुकरे चोरल्याबद्दल १८४१ मध्ये त्याला सात वर्षे हद्दपारीची सजा झाली, आणि १८४२ च्या जानेवारीत तो टास्मानियास उतरला. अशा कैद्यांची उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचे व्रण, धंदा आणि जन्मस्थान कारकुनाने बारकाईने टिपून ठेवले, ते कुलेतिहासासाठी नव्हे, कैदी पळालाच तर ओळखता यावा म्हणून.

सत्तेने ज्यांच्याकडून कर घ्यायचा आणि ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांचीच तपशीलवार नोंद केली; जो निमूटपणे स्वखर्चाने निघून गेला त्याच्याविषयी तिला जिज्ञासाच नव्हती. टास्मानियातील कित्येक घराण्यांनी कैदी पूर्वजाचे नाव पिढ्यान्‌पिढ्या दडवले. त्याच कैद्यांच्या दफ्तराला २००७ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतिसंचितात स्थान दिले, आणि आता वंशज आपले गाव त्यातूनच शोधून काढतात.