देव या विषयात एम.ए. करता येतं का? फिलॉसॉफिकल थिऑलॉजीची गोष्ट, जुन्नर-आंबेगावपासून

आळेफाट्याजवळ आळे गावात रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, तोच हा रेडा, अशी श्रद्धा. माणसं हात जोडतात, प्रसाद घेतात. एखाद्याच्या मनात येतं, "हे घडलं असेल का?" बहुतेक जण तो प्रश्न तिथंच सोडून गाडीत बसतात.

काही जण मात्र तिथूनच अभ्यास सुरू करतात. आधी दोन वर्षं एम.ए., मग पीएच.डी. त्यांच्या विषयाचं नाव फिलॉसॉफिकल थिऑलॉजी. जुन्नर-आंबेगावच्या मुलामुलींना तो शिकायचा असेल, तर काय करावं लागेल?

विषय नेमका काय आहे?

मराठीत याला तात्त्विक ईश्वरविद्या म्हणता येईल. 'धर्मशास्त्र' म्हटलं की गडबड होते, कारण आपल्याकडं धर्मशास्त्र म्हणजे आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त यांचे नियम. भारतरत्न पां. वा. काणे यांनी पाच खंडांत इतिहास लिहिला तो त्या शास्त्राचा. हा विषय वेगळा.

ईश्वरविद्या एखाद्या परंपरेच्या आत बसून, तिचा ग्रंथ प्रमाण मानून बोलते. धर्माचं तत्त्वज्ञान बाहेर उभं राहून प्रश्न विचारतं. तात्त्विक ईश्वरविद्या या दोघींच्या मध्ये आहे. ती ईश्वर, कृपा, कर्म, मोक्ष या परंपरेतल्याच कल्पना घेते आणि तर्कावर घासून बघते. देव सर्वशक्तिमान आणि दयाळू असेल, तर निरपराध माणसाला दुःख का, हा तिचा नेहमीचा प्रश्न.

युरोपात अकराव्या शतकात अॅन्सेल्मनं आणि तेराव्या शतकात थॉमस अॅक्वायनसनं ईश्वराच्या अस्तित्वाचे युक्तिवाद मांडले. आपल्याकडं उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली' याच कामासाठी लिहिली. त्यांच्यासमोर प्रतिपक्ष होता तो ईश्वर न मानणाऱ्या बौद्धांचा आणि मीमांसकांचा.

मराठी माणसालाही हा वाद नवा नाही. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वादविवाद करत होते आणि लोक ते ऐकायला जमत होते.

जुन्नर तालुक्यातले चार प्रश्न

नाणेघाट : सातवाहन राणी नागनिकेच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिलालेखात इंद्र, संकर्षण, वासुदेव यांना वंदन आहे आणि पुढं यज्ञ व दक्षिणेची यादी आहे. प्रश्न : यज्ञाचं फळ देतं कोण? आपल्याला वाटतं, देव देतो. मीमांसक म्हणतात, कर्मातूनच 'अपूर्व' नावाची शक्ती तयार होते आणि ती फळ देते. कुमारिल भट्टांनी तर जगाचा कर्ता ईश्वर ही कल्पनाच खोडून काढली.

लेणी : जुन्नरभोवतीच्या डोंगरांत बौद्ध लेणी आहेत. दान देणाऱ्यांत धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, यवनही आहेत. प्रश्न : कर्ता-करविता ईश्वर न मानता धर्म उभा राहतो का? लेण्याद्रीला तर ज्या लेण्यात भिक्षू राहायचे, तिथं आज गिरिजात्मज गणपती आहे.

ओतूर : इथं बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. त्यांनी तुकोबांना स्वप्नात मंत्र दिला, असं तुकोबा स्वतः सांगतात. प्रश्न : स्वप्नातल्या अनुभवाला ज्ञान म्हणायचं का? प्रत्यक्ष, अनुमान, शब्द यांपैकी हे कोणतं प्रमाण?

आळे : वर आलेला रेडा. प्रश्न : चमत्काराची साक्ष किती मानायची? डेव्हिड ह्यूमनं १७४८ साली याच प्रश्नावर लिहिलेलं प्रकरण आजही शिकवलं जातं.

आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभ्याच्या वर गेलात की प्रश्न आणखी बदलतो. पोथी नसलेली, वाघाला देव मानणारी श्रद्धा या शास्त्रात बसवायची कशी?

शिकायचं कुठं?

या नावाच्या पदवीच्या मागं लागू नका. आपल्याकडं हा विषय वेगवेगळ्या विभागांत वाटला गेलाय.

सरकारी विद्यापीठाचा मार्ग आहेच. राज्यघटनेचं कलम २८ सांगतं, की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. धर्माविषयीचा अभ्यास मात्र करता येतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात तत्त्वज्ञान, पाली आणि संस्कृत असे वेगळे विभाग आहेत. न्याय-मीमांसा वाचायची तर संस्कृत, बौद्ध बाजू हवी तर पाली, युक्तिवाद शिकायचा तर तत्त्वज्ञान. घर सोडणं शक्य नसेल, तर इग्नूचं तत्त्वज्ञानातलं एम.ए. दूरशिक्षणानं करता येतं.

चर्चच्या संस्था हा दुसरा मार्ग. पुण्यात नगर रोडला ज्ञानदीप आहे. १८९३ साली श्रीलंकेतल्या कँडीत सुरू झालेली ही कॅथलिक संस्था १९५५ साली पुण्यात आली. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली यवतमाळहून पुण्यात आली. ती श्रीरामपूर पद्धतीची आहे. हे श्रीरामपूर नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं. इथं थिऑलॉजी मुख्य विषय असते, पण ती ख्रिस्ती परंपरेच्या आतून.

भाषेचं गणित

मराठीत साधनं आहेत. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला तीन खंडांचा 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' आहे, 'परामर्श' हे नियतकालिक आहे. पण प्राध्यापक होण्यासाठी नेट द्यायची, तर तत्त्वज्ञानाची नेट इंग्रजी किंवा हिंदीतून असते. म्हणून पहिल्या सत्रापासून प्रत्येक संज्ञा दोन भाषांत लिहून ठेवा. सोबत संस्कृत, पाली, ग्रीक यांपैकी एक भाषा धरा. मूळ ग्रंथ वाचता आला नाही, तर दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबून राहावं लागतं.

पोटाचं काय?

खरं सांगायचं तर या पदवीवर थेट नोकऱ्या कमी आहेत. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांच्या जागा मोजक्याच निघतात. नेटसाठी खुल्या प्रवर्गाला एम.ए.त ५५ टक्के, राखीव प्रवर्गाला ५० टक्के गुण लागतात. नेटमध्ये 'धर्मांचा तुलनात्मक अभ्यास' असा स्वतंत्र विषयही आहे. चर्चच्या सगळ्याच पदव्या यूजीसीमान्य असतात असं समजू नका. प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या. घरची शेती किंवा दुसरा आधार नसेल, तर एम.ए.सोबत बी.एड., अनुवाद, संपादन असं काहीतरी हाताशी ठेवा.

आणि श्रद्धा?

घरात पहिला प्रश्न हाच येतो. "तिकडं जाऊन पोरगं नास्तिक होईल का?" काहींची श्रद्धा जाते, काहींची पक्की होते, बहुतेकांची बदलते. परीक्षेत मात्र तुम्ही काय मानता, याला गुण नसतात. समोरच्याचा युक्तिवाद त्याला पटेल इतक्या ताकदीनं मांडून मग उत्तर देता येतं का, ते बघितलं जातं. वारकरी घरातल्या मुलीला बौद्धांची बाजू तशी मांडता आली पाहिजे, नास्तिक मुलाला उदयनाचार्यांची.

जमेल का ते बघायचं असेल, तर फॉर्म भरण्याआधी एक करा. वरच्या चारपैकी एका ठिकाणी जाऊन या आणि तिथल्या प्रश्नावर दोन पानं लिहा. एक पान बाजूनं, एक विरोधात. वाचणाऱ्याला तुमची स्वतःची बाजू कोणती ते ओळखता आलं नाही, तर हा विषय तुमच्यासाठी आहे.